शांतवनच्या घरचा प्याला

मित्रांनो, मी प्रभुभोजनाचा प्याला आहे. पितळेचा, आतून कल्हई केलेला. नगरच्या एका कासाराने मला घडवलं. तेव्हापासून सुप्याजवळच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी माझ्यातून द्राक्षरस दिला जातो. लोक मला दोन्ही हातांनी धरत. त्याचा मला अभिमान होता.

एरवी मी शांतवनच्या कपाटात असायचो. तो मंडळीचा वडील, म्हणजे कारभार पाहणारा पंच, आणि कारखान्यात सुपरवायझर. त्याची बायको सुकन्या मला चिंचेने घासून ठेवी.

गेल्या वर्षी कारखान्यातून माल लवकर पाठवायचा होता. प्रेस मशीनची जाळी काढली की काम भरभर होतं.

"पन जाळी न्हाई तर कुनाचा तरी हात जायचा," शांतवन घरी म्हणाला.

"मग नका काढू," सुकन्या म्हणाली.

तो हसला. "चार दिवसांचं तर काम हाय. काय झालंच तर देवाजवळ माफी मागू. तो काय न्हाई म्हनतोय व्हय?"

जाळी निघाली. तिसऱ्या दिवशी वाल्मिकचा उजवा हात मनगटापासून गेला. वाल्मिक आमच्याच मंडळीतला, बनुबाईचा एकुलता एक मुलगा. चौकशीत शांतवनने लिहून दिलं, की जाळी वाल्मिकनेच काढली. वाल्मिकची नोकरीही गेली.

पुढच्या प्रभुभोजनाला शांतवनने पापांची कबुली सगळ्यांहून मोठ्याने म्हटली आणि तो माझ्यातून प्यायला. मागोमाग वाल्मिक आला. डाव्या हाताने मला धरताना रस त्याच्या सदऱ्यावर सांडला. बनुबाईने तो पदराने टिपला.

असे सात महिने गेले. सुकन्या मला हात लावीना. माझी कल्हई उडाली, मी काळा पडलो. शेवटी मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, मला कल्हईला न्यायला घरी आले. "प्याला असा कसा झाला?" त्यांनी विचारलं.

"यांना इचारा," सुकन्या म्हणाली.

शांतवनने खाली मान घालून सगळं सांगितलं. "रोज माफी मागतो, साहेब. पन जीव थाऱ्यावर येत न्हाई."

पाळकसाहेब म्हणाले, "जाणूनबुजून केलेल्या पापालाही क्षमा आहे, शांतवन. पण तू क्षमा आधीच गृहीत धरून पाप केलंस, आणि ते खोटं अजून सोडलेलं नाहीस. ते हातात धरून काय मागतोस? आधी खरं लिहून दे."

"नोकरी जाईल. केस होईल."

"होईल."

पुढच्या प्रभुभोजनाला शांतवन मंडळीपुढे उभा राहिला. "जाळी मी काढली. ठाऊक असून काढली. काल तसं लिहून दिलंय."

वाल्मिक उठला. "सात महिने माझ्या शेजारी बसून पीत हुता तुमी," तो म्हणाला. "देव करील माफ. मला आज न्हाई जमत." तो निघून गेला.

मी बनुबाईपर्यंत पोहोचलो. तिने मला न पिताच पुढे दिलं. शांतवननेही मला ओठ लावले नाहीत.

मित्रांनो, मला परत कल्हई झाली आहे. तो हात मात्र कुणाला परत देता येणार नाही. म्हणून माझं एकच मागणं आहे. वाईट करण्याआधीच 'माफी मिळेल' असं मनात आलं, तर तिथेच थांबा.