विकलेल्या होडीची आंघोळ

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी माणसं आंबे खातात, झोपा काढतात. आमच्याकडे होडीला आंघोळ घालतात. अठरा वर्षं हेच चाललंय. एरवी ती मार्वेला दत्ताराम कोळ्याच्या आवारात असते, पण पावसाळ्यात त्याच्या स्वतःच्याच होड्या वर येतात. मग आमची टेम्पोत घालून कांदिवलीला, सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणायची आणि ऑक्टोबरपर्यंत पालथी घालून ठेवायची.

होडी फायबरची, शिडाची, दोन माणसं बसतील एवढीच. माझे यजमान नंदकुमार आणि मरोळच्या कारखान्यातला त्यांचा जुना सहकारी धम्मपाल, दोघांनी मिळून घेतलेली. मी तिला सवत म्हणते, आणि त्यात निम्मीच गंमत असते.

यंदा मात्र माझं डोकं फिरलं होतं. होडी तर विकली होती. आमची इमारत पाडून नवी होणार, चार दिवसांत घरं रिकामी करायची आणि तीन वर्षं भाड्याच्या जागेत काढायची. तीही पाचव्या मजल्यावर. होडी ठेवणार कुठे? धम्मपालचं घर कुर्ल्याला, तिसऱ्या मजल्यावर. शेवटी मनोरीकडच्या एका रिसॉर्टने मागितली आणि यांनी हो म्हटलं. दुपारी त्यांचा माणूस न्यायला येणार होता. इकडे अर्ध्या घराची बांधाबांध राहिलेली आणि हे दोघं सकाळी सातपासून पाइप घेऊन होडी धूत होते.

चहा घेऊन खाली गेले आणि म्हटलं, "अहो, विकलेल्या होडीला कसली आंघोळ घालताय? ते बघतील ना त्यांचं!"

"खाऱ्या पाण्याचं मीठ राहिलं तर कप्प्या अडकतात गं," हे म्हणाले. मान वर केली नाही.

"वहिनी, आज त्याला काही बोलू नका ना," धम्मपाल हळूच म्हणाला.

मी चहाचे कप पुढे केले. मला गप्प बसवणं सोपं नाही, हे धम्मपालला माहीत आहे. त्यांनी दोर गोड्या पाण्यात बुडवून काढले, सुकाणू पुसलं, स्क्रूंना तेलाचं बोट लावलं. शीड गच्चीवर सावलीत वाळत होतं. पहिल्या वर्षी ते बघून शेजारच्या विंगमधून कुणीतरी विचारलं होतं, लग्न कुणाचं आहे म्हणून. घडी घालायला तिसरं माणूस लागतं, ती मी. दोघांनी टोकं धरायची, मी मधून हात फिरवत सुरकुत्या काढायच्या. माझ्या साड्यांची घडीसुद्धा इतकी नीट पडत नाही.

दोन वाजता रिसॉर्टचा शिवदास टेम्पो घेऊन आला. माणूस गोड, हसतमुख. होडीभोवती फिरून म्हणाला, "झकास! पण काका, एवढी साफ कशाला केलीत? माती भरायचीय तिच्यात."

"माती?" धम्मपालने विचारलं.

"गेटवर ठेवणार ना. आत फुलझाडं, डोलकाठीला लायटिंग. लोक फोटो काढतील. शीड नको आम्हाला. फक्त तळाला आठ-दहा भोकं मारावी लागतील, पाणी जायला."

मला वाटलं, आता हे चिडणार. चिडले नाहीत. जन्मभर ड्राफ्ट्समनची नोकरी केलेला माणूस, खिशात पेन्सिल असतेच. पालथ्या होडीपाशी गुडघ्यांवर बसले आणि पांढऱ्या तळावर मोजून खुणा करू लागले.

"इथे मारा. इथे फायबर पातळ आहे, ड्रिल पटकन जाईल. इथे नको हं, तडा जाईल."

 धम्मपाल पाठ फिरवून नळाशी जाऊन उभा राहिला. तिसरी खूण झाली आणि मला ते बघवेना.

"शिवदास, होडी द्यायची नाही," मी म्हटलं.

"काकू, काकांनी शब्द दिलाय."

"काकांनी दिलाय. मी नाही."

तिथेच उभं राहून एजंट चेतनाला फोन लावला. पाचव्या मजल्याचा करार उद्या व्हायचा होता. तिने त्याआधी एक तळमजल्याची जागा दाखवली होती, ती मी उंबऱ्यातूनच नाकारली होती. अंधारी, भिंतींना ओल.

"ती आहे का गं अजून?"

"आहे काकू. पण तुम्हीच नको म्हणालात ना, उजेड नाही म्हणून?"

"मागे भिंतीपर्यंत मोकळी जागा किती?"

"पंधरा फूट असेल."

"आमची होडी बारा फुटांची आहे. मालकाला विचार."

पाच मिनिटांत मालकाचा होकार आला. हे अजून गुडघ्यांवरच होते.

"वसू, तुला उजेड लागतो."

"लागतो. रोज तक्रार करीन. ऐकावी लागेल."

"ऐकीन," ते म्हणाले आणि चष्मा काढून डोळे पुसले. सदतीस वर्षांच्या संसारात असं मी दुसऱ्यांदा पाहिलं. शिवदास बिचारा भला निघाला. चहा प्यायला, होडी टेम्पोत चढवायला हात लावला आणि नव्या जागी पोचवूनच गेला.

नव्या घरात दुपारी दोन वाजता दिवा लावावा लागतो. मी लावते, आणि रोज बोलते. हे रोज ऐकतात.