कॅसेटची कोरी बाजू

आईच्या ग्रंथाची शेवटची मुद्रितं जेवणाच्या टेबलावर पडली होती आणि छापखान्याचा माणूस पाच वाजता ती न्यायला येणार होता. आई सूची तपासत होती. मी शेजारच्या खोलीत तिच्या जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून घेत होते.

आई निरनिराळ्या देशांतल्या दैवतकथा शेजारी शेजारी ठेवून त्यांच्यातलं नातं शोधते. माझं लग्न जमवायला तिला कधी फुरसत झाली नाही, पण समुद्रापलीकडच्या देवांच्या सोयरिकी तिने बसल्या जागी जुळवल्या.

तिच्या एकतीस वर्षांच्या कामाचा आधार म्हणजे तीन पायांचा एक कुत्रा. दूरदेशी सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर एक कथा आहे: मुलगी मरते, आई तिला आणायला पाताळात उतरते, तर दारावर तीन पायांचा कुत्रा. आणि एका नदीकाठच्या वस्तीत, जिथे कुणालाच वाचता येत नव्हतं, एका नावाडीण म्हातारीने आईला तोच कुत्रा सांगितला. पुस्तकातून तो तिथे पोचणं शक्य नव्हतं. म्हणजे दोन्ही कथा एकाच फार जुन्या कथेच्या लेकी, असं आईचं म्हणणं. म्हातारीच्या कथेत एक गोष्ट जास्तीची होती. ‘डोक्यावरून पाणी ओतीन’ म्हटलं की कुत्रा दार सोडून पळतो. या पाण्यावर ग्रंथात अकरा पानं आहेत.

ती कथा सतरा नंबरच्या कॅसेटवर होती. दुसऱ्या बाजूवर आईच्या अक्षरात ‘कोरी’ असं लिहिलेलं. मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते; तिथे आम्ही रिकामी बाटलीही तपासतो. त्याच सवयीने मी ती बाजू लावली.

चार मिनिटं नुसती खरखर. मग एक लहान मुलगी बोलू लागली.

“आणि तिथे कुत्रा होता. त्याला तीनच पाय होते.”

“अगं बाई. चौथा कुठे गेला?” हा आवाज म्हातारीचा.

“माहीत नाही. आई रोज झोपताना सांगते.”

“चावतो का गं?”

“नाही. त्याला म्हणायचं, डोक्यावरून पाणी ओतीन. मग पळतो. मी पण पळते.”

म्हातारी खोकला येईपर्यंत हसली. “तुझी आई चार दिवस माझ्या मागे लागलीय. दारावर कोण, दारावर कोण. आमच्या गोष्टीत दारच नाही, तर बसवू कुणाला? उद्या तुझा हा कुत्रा बसवते. एवढ्या लांबून आलीय बिचारी, रिकाम्या हाताने कशी पाठवू?”

खट्. पुढे पुन्हा खरखर.

त्या दौऱ्यात मला सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून आई मला सोबत घेऊन गेली होती, एवढं मला ऐकून माहीत होतं. आठवत काहीच नाही. मी तो तुकडा तीनदा ऐकला. कॅसेट पुसायला एक बटण पुरे होतं, आणि ते मला दिसत होतं.

“आई, जरा इकडे ये.”

“थांब गं. सूचीत कुत्रा चोवीस ठिकाणी आलाय, मोजतेय.”

“कुत्र्याचंच आहे.”

ती कानामागे पेन्सिल खोचून आली आणि उभ्यानेच ऐकू लागली. मुलीचा आवाज आला तशी हसली. “अगंबाई, ही तर तू. सारखी रेकॉर्डरची बटणं दाबायचीस.” पाण्याच्या वाक्याला तिने खुर्चीची पाठ धरली. शेवटचं खट् झाल्यावर म्हणाली, “परत लाव.”

मी परत लावली.

“न्हाऊ घालताना तू घर डोक्यावर घ्यायचीस,” ती म्हणाली. “आणि मी त्यावर अकरा पानं लिहिली.”

“सॉरी, आई.”

“तू कशाला? तू चार वर्षांची होतीस. मी छत्तीसची होते. दारावर कोण, असं विचारत बसले. दार आहे का, हे विचारलंच नाही.”

तेवढ्यात बेल वाजली. छापखान्याचा माणूस वीस मिनिटं आधीच आला होता.

“झालं का, मॅडम?”

“सहावं, कुत्र्याचं प्रकरण काढायचंय.”

तो हसला. “चेष्टा करताय. पुढची पाच त्याच्यावरच तर उभी आहेत. तुम्हीच सांगितलं होतंत मला.”

“हो. तीही काढायची.”

त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याला बसायला खुर्ची दिली, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचत नव्हतं.

आईने कपाटाचा खण ओढून सतरा नंबरच्या कॅसेटचं नोंदीचं कार्ड काढलं. सांगणारी: नावाडीण, वय अंदाजे सत्तर. कुणाकडून ऐकली: आजीकडून. दोन्ही ओळींतली उत्तरं तिने पट्टी लावून खोडली. रेघा सरळ आल्या.

“तेव्हा तुझं वय किती होतं? महिन्यांसकट सांग.”

“चार वर्षं दोन महिने.”

तिने ‘सांगणारी’पुढे ‘मुलगी’ आणि ते वय लिहिलं. मग ‘कुणाकडून ऐकली’ या ओळीपुढे स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, आणि ते दुसऱ्या कुणाचं तरी असावं तसं ती त्याच्याकडे पाहत राहिली.