सोललेले शिंगाडे

कोचीहून दिल्लीला जाताना हेमराजला नागपुरात विमान बदलायचे होते. एक उतरणार दहाला, दुसरे सुटणार साडेचारला. मधला वेळ विमानतळावर खुर्चीत बसून काढण्यापेक्षा शहापूरला घरी येऊन जातो, असे त्याने फोनवर कळवले आणि त्याच्या आईचा, सखाबाईचा, पाय जमिनीवर ठरेना. जाण्यायेण्याचा वेळ सोडला तर घरात जेमतेम दोन तास मिळणार होते. मुलगा दोन वर्षांनी येत होता. तिला त्याला एकच विचारायचे होते : कायमचा घरी कधी येशील?

पण आनंदाच्या भरात ती एक चूक करून बसली. नळावर पाणी भरताना तिने ही बातमी साऱ्या मोहल्ल्याला सांगितली. मोहल्ल्याची रीत तिला ठाऊक नव्हती असे नाही. दूरवरून आलेल्याने प्रत्येक नातलगाचा उंबरठा ओलांडायचा, घोटभर तरी चहा घ्यायचा. एक घर सुटले तर ते वर्षभर ऐकवतात.

साडेअकराला भाड्याची गाडी दारात थांबली. हेमराजच्या वडिलांनी, फकिराने, सकाळीच तलावातून मरळ आणि टोपलीभर शिंगाडे आणले होते. शिंगाडे उकडून झाले होते, रस्सा चुलीवर होता. हेमराज आईच्या पाया पडला, चुलीजवळ पाट ओढून बसतो न बसतो तोच गोदावरीकाकी दारात उभी. विमानात बसणाऱ्याला काकीच्या घरची वाट दिसत नाही वाटते, असे हसत हसत टोचून तिने त्याला हाताला धरून नेले. तिथून मामाने नेले, मामाकडून आत्याने. घरोघरी चहा आणि घरोघरी लग्नाचा विषय.

इकडे भात निवला. सखाबाई चारदा दारात येऊन गेली.

"सात घरं झाली, तीन राहिली," फकिरा ओट्यावरून म्हणाला. "तूच त दवंडी पिटली."

हेमराज आला तेव्हा सव्वा वाजून गेला होता. तो भराभर जेवला, ती वाढत राहिली. प्रश्न ओठांपर्यंत यायचा आणि ती आणखी एक तुकडा ताटात घालायची. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न दिला. हेमराजने हात धुतले, तिच्याकडे पाहिले.

"माय, चाल गाडीत. नागपूरवरी तू अन् मी. मंग हेच गाडी तुले घरी आणून सोडन."

अंगावरच्या लुगड्यानिशीच ती निघाली. हाताला अजून मासळीचा वास होता. फकिराने शिंगाड्यांची टोपली तिच्या मांडीवर ठेवली आणि सांगितले की पोराला सोलायचा कंटाळा आहे, तूच सोलून दे.

आता सव्वा तास दोघांचाच होता. पहिला शिंगाडा सोलून होईस्तोवर विचारू, असे तिने ठरवले. पण सकाळचे विमान पकडायला हेमराज मध्यरात्रीपासून जागा होता. कन्हानचा पूल यायच्या आत त्याची मान कलली आणि डोके तिच्या खांद्यावर आले. लहानपणी तो नावेत असाच झोपायचा. तिने ड्रायव्हरला गाणे बंद करायला सांगितले आणि खांदा न हलवता एकेक शिंगाडा सोलत राहिली. काळी सालं टोपलीत, पांढरे गर पदरात. नागपूर आले तेव्हा टोपलीत नुसती सालंच उरली होती.

विमानतळाच्या दारापुढे तिला जाता येत नव्हते. तिने सोललेले शिंगाडे रुमालात बांधून त्याच्या हातात दिले.

"मी झोपूनच गेलो," तो ओशाळून म्हणाला. "तुले काही इचाराचं होतं न, माय?"

सखाबाईने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. गालावर तिच्या लुगड्याच्या काठाचा वळ उमटला होता.

"पोट भरलं काय तुयं, एवढंच इचाराचं होतं."

हेमराजने रुमालाची गाठ चाचपली.

"नाही भरलं," तो म्हणाला आणि आत गेला.

परतीच्या वाटेवर ड्रायव्हरने सालं फेकू का म्हणून विचारले. सखाबाईने नकारार्थी मान हलवली आणि टोपली पदराखाली घेतली.