ओढणी घेतलेली सिस्टर

मालोजी भावकीतले सर्वांत वडील, आणि वडीलकी गाजवायची त्यांना भारी हौस. पुतण्या अक्षयनं नर्स मुलगी पसंत केली तेव्हा सुपारीच्या बैठकीत ते सगळ्यांदेखत म्हणाले होते, "परक्या पुरुषांची घाण काढणारी सून? तिच्या हातचं पाणी मी प्यायचा नाय." माना डोलल्या. लग्न झालं ते झालंच, पण मालोजींनी शब्द पाळला. असले शब्द पाळायला कुणाला कष्ट पडतात?

आता भिवपुरीच्या घरी पडवीवर पत्रे चढवताना ते घसरले, खुब्याचं हाड मोडलं, आणि कर्जतच्या ज्या इस्पितळात आणलं तिथं दिवसपाळीची नर्स म्हणजे हीच सून, नम्रता.

ऑपरेशन झालं. लघवीची नळी निघाली, सलाईन बंद झालं, पण उठायची परवानगी नव्हती. वॉर्डातल्या मावशीला दोन मजले सांभाळायचे, म्हणजे लघवी-संडासचं भांडं द्यायला बहुतेक वेळा सूनच येणार. मालोजींनी त्यावर तोडगा काढला. खाणंपिणं सोडलं. बायको इंदूबाई पेजेची वाटी धरून बसायच्या, हे भिंतीकडे तोंड करायचे. डॉक्टर वैतागले. पाणी पोटात गेलं नाही तर किडनीवर येईल, म्हणाले.

नम्रताला मात्र कळलं. तिनं इंदूबाईंना चहाला पाठवलं आणि पडदा ओढला.

"मामंजी, भूक हाय तुमाला. भांड्याचं भ्या वाटतं ना?"

मालोजी छताकडे बघत राहिले. डोळ्यांतलं पाणी कानात उतरलं. "तू जा गं बाय. तुज्यासमोर उघडा पडण्यापरीस मरण बरं."

"लाज सगळ्यांनाच वाटते हितं. मागं एक फौजदार आलेले, ते पण रडले."

मग ती जाऊन खुंटीवरची आपली ओढणी घेऊन आली. "घरी तुमच्यासमोर कपाळापर्यंत घेते, आज हनुवटीपर्यंत घेतली. मला काय दिसत नाय. हातांना सवय हाय."

ती हात चालवत वालाच्या शेताचं विचारत राहिली. पाखरं पडली का, शेंगा किती धरल्या. मालोजी हुंदके देत उत्तरं देत होते. त्या दुपारी त्यांनी पेज खाल्ली. वर तिनंच दिलेलं पाणी प्याले, गटागटा.

संध्याकाळी भेटायच्या वेळेला भावकी टेंपो करून आली. चुलतभाऊ हिरामणला कुठं काय बोलू नये ते कधीच कळलं नाही. "काय रं मालोजी, सूनबाईच करते म्हन सगळं? आन् पानी रं कोन पाजतं?"

सगळे हसले. मालोजींचे कान तापले. "ती नाय. दुसरी सिस्टर हाय माज्याकडं."

नम्रता शेजारच्या खाटेवर पट्टी बांधत होती. तिचा हात जरासा थांबला.

"खरं का गं?" हिरामणनं विचारलं.

"हो. हा पेशंट माझ्याकडं नाय," ती मागं न बघता म्हणाली, आणि पट्टीला गाठ मारली.

मालोजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपली अब्रू राखायला ही पोर भावकीसमोर खोटं बोलली, आणि तेही किती सहज. अंग उघडं पडलं त्याची लाज काहीच नव्हती, इतकी ही लाज आतून पोळत होती. हिरामण पिकापाण्याच्या गप्पांकडे वळला होता. गप्प बसलं असतं तर सगळं निभावून गेलं असतं.

"खोटं बोललो मी," मालोजी म्हणाले.

"आँ?"

"हीच करते माजं. हागमूत काढते, अंग पुसते. मी रडलो तर माजे डोळे पन हीच पुसते. बैठकीत बोललो तवा माना डोलवल्या ना रं तुमी? आता ह्ये पन ऐका."

हिरामण चपलेच्या अंगठ्याशी चाळा करू लागला. इंदूबाईंनी तोंडाला पदर लावला. नम्रता आली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"मामंजी, हळू बोला. बाकीचे पेशंट हायेत."

"आयकू दे त्यांना पन," मालोजी म्हणाले.