उजवी कळी

देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. जयगडच्या अलीकडचं आमचं गाव एवढंसं, पण देवळाच्या पुजाऱ्याच्या, रावजीबुवाच्या, कौलाला लांबलांबची माणसं आलेली. देवाच्या खांद्यांना दोन ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कौल कोकणात सगळीकडेच लावतात हो, पण बुवाचा म्हणे कधी चुकलाच नाही. आणि आता तर त्याच्याकडे छापील दाखला होता.

दाखला माझ्या पुतणीचा, मथुरेचा. रत्नागिरीच्या शाळेत तिनं गावातल्या माणसांच्या साक्षी देऊन या कौलावर निबंध लिहिला, बक्षीस मिळवलं, तो साप्ताहिकात छापून आला. बुवा कागद फडकवून सांगे, "मी नाय बोलत, शिकलेली पोर बोलते. छापलेलं खोटं असतं काय?" आणि आम्ही नंदीबैल माना डोलवत होतो.

वैशाखात मथुरेच्या धाकट्या भावाचा, केरूचा, पाय खडकावरच्या कालवाच्या शिंपल्याच्या धारेनं कापला. पाय भोपळ्यासारखा सुजला, ताप उतरेना. मथुरा म्हणाली, रत्नागिरीला दवाखान्यात नेऊ. वहिनीनं, म्हणजे तिच्या आईनं, बुवाकडून कौल लावला, डावी कळी पडली. मथुरेनं आकांत केला, तेव्हा वहिनी शांतपणे म्हणाली, "तूच लिवलंस ना गो, कौल खोटा होत नाय म्हणून?"

पोरीला धरणी दुभंगावी असं झालं. तिच्या मास्तरीणबाई, यमुनाबाई, सुट्टीत जयगडला बहिणीकडे होत्या. मथुरा रडत तिकडे गेली. निबंधातल्या साक्षीदारांपैकी कौल खरा झालेला स्वतःच्या डोळ्यांनी कुणी पाहिलंय, एवढंच बाईंनी विचारलं. मथुरा घरोघर फिरली. मैना म्हणाली, दादूनं सांगितलान. दादू म्हणाला, रावजीबुवानं सांगितलान. भिकाजीलाही बुवानंच. नावं ढीगभर, तोंड एकच.

"बक्षीस देताना मीही हे विचारलं नाही," बाई म्हणाल्या. त्यांना मान वर करवेना.

दुसऱ्या सकाळी मथुरेच्या हट्टानं पुन्हा कौल लावला. बुवानं नेहमीसारखं बोटांना तेल चोळलं. मथुरा या वेळी नुसती बघत होती. फणस फोडताना आपण हाताला तेल लावतो, चीक चिकटू नये म्हणून. मग कळीला तेल कशाला?

डावी पडली. बुवा तोंड उघडतो तोवर पोर गाभाऱ्यात शिरली. देवाला बाट लागेल म्हणून लोक ओरडत राहिले. तिनं उजवी कळी ओढली, तशी कळीमागून चिकाची लांब तार आली. जी पाडायची नाही ती फणसाच्या चिकानं डकवायची, दुसरी नुसत्या पाण्यानं. रोगी दवाखान्यात गेला की बुवाची नारळ-कोंबडी बंद, म्हणून कौल नकाराचा.

जन्मभर फणस फोडणारी माणसं आम्ही. देवळात कुणी कुणाच्या तोंडाकडे बघेना.

केरूला होडीत घालून नेलं. जीव वाचला, पण पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मथुरेनं बक्षीस परत केलं. खरी हकीकत लिहून पाठवली, ती काही छापून आली नाही.

बाबांनो, देव मानायचा तर माना. पण कुणी काही सांगितलं, मग ते छापलेलं का असेना, तर विचारा: तू पाहिलंस काय? नसेल, तर तुला सांगितलं कोणी? हे विचारायला पैसा पडत नाही. आमच्या गावानं विचारलं नाही, त्याची किंमत केरूनं मोजली.