शाल दिल्यावर आलेला हुकूम

मित्रांनो, मी एक जुनी, कुरकुरणारी सायकल आहे. एका जागी उभं राहणं माझ्या स्वभावातच नाही. नारायणगावचे पोस्टमन हौशीरामभाऊ माझ्यावरून येडगावचं टपाल वाटायचे. चढ लागला की म्हणायचे, "चल गं भवाने!" लोक आधी माझी घंटी ओळखत, मग भाऊंना.

भाऊंची खरी जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती. शाळेत घालताना गुरुजींनी सगळ्या पोरांना लावली तीच एक जून त्यांनाही लावली. त्यामुळे १९९८ च्या मेअखेरीस अठ्ठावन्न भरून ते निवृत्त होणार होते. पण महिनाअखेरीला लग्नांची दाट तिथी! म्हणून येडगावकरांनी मेच्या सुरुवातीलाच फेटा, शाल, नारळ उरकून टाकलं. भाऊ भारावले. त्यांनी माझं हँडल भागूच्या हाती दिलं. भागू त्यांच्या रजेत बदली म्हणून टपाल वाटायचा आणि कायमच्या जागेची वाट बघायचा.

"आजपासून सायकल तुझी, अन् जागा बी तुझीच," भाऊ म्हणाले.

थोड्याच दिवसांत हुकूम आला. केंद्र सरकारच्या नोकरांचं निवृत्तीचं वय आता साठ! भाऊंच्या घरी पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी भागू मला धुऊन, चेनला तेल घालून परत घेऊन आला.

"दोन वर्सांनी माझं वय बसायचं न्हाई, भाऊ."

"मी तरी काय करू, राव? सरकारनंच ठरवलंय."

मला तर उभं राहवेना. कुणाच्या बाजूनं वळावं तेच कळेना.

पुढे भागूच्या घरावरून जाताना भाऊ माझी घंटी वाजवत नसत. भरतीची वयोमर्यादा उलटली तसा भागू हायवेवर जीप हाकू लागला.

दोन वर्षांनी भाऊ खरोखर निवृत्त झाले. एकाच माणसाला दोनदा शाल कशी द्यायची, म्हणून कुणी फिरकलंच नाही. भाऊ मला हातानं ढकलत भागूच्या दारात आले.

"तुझी सायकल आणलीया."

भागूनं माझी चाकं दाबून बघितली.

"बसा मागं. घरी सोडतो."

दारातून निघतानाच त्यानं घंटी वाजवली.

मित्रांनो, सायकलला वेळेवर तेल घाला, तिला गंजू देऊ नका. आणि जे आपल्या हातात नाही, ते कुणाला देऊन टाकू नका. त्या दिवशी माझ्यावर दोघांचं ओझं होतं, तरी मी कुरकुरले नाही.