माझ्या वयाची चौकशी

मित्रांनो, मी एका पिकअप गाडीचं इंजिन आहे, आणि चांगलंच जुनं आहे. किती जुनं, ते मात्र जरा हळू विचारा. याच एका प्रश्नावरून एका भल्या माणसावर चोरीचा आळ आला होता. तेव्हापासून कुणी डोळे बारीक करून माझ्यावर वाकलं, की मला शंकाच येते.

माझा जन्म परदेशातल्या ओतशाळेत झाला. तापून लाल झालेलं लोखंड साच्यात ओतलं, आणि निवताना माझ्या उजव्या कुशीवर सालाचे आकडे उठले. बोटीने इकडे आलो, लष्कराच्या गाडीत राबलो. ती मोडीत निघाली तेव्हा महाडच्या एका कंत्राटदाराने मला उचलून आपल्या पिकअपमध्ये बसवलं. गाडी १९५१ ची आणि मी १९४६ चा. गाडीहून पाच वर्षांनी थोरला! ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नाही. १९६९ साली पोलादपूरच्या महिपतीला गाडी विकली, तेव्हाही नाही. मला कुठे बोलता येतं!

महिपतीच्या घरी माझा मान मोठा. दसऱ्याला तो माझ्या उजव्या कुशीवर तळहाताएवढा हिरवा ऑइलपेंट लावायचा. तो वाळला की त्याची बायको गोदूबाई त्यावर तेलात कालवलेलं कुंकू आणि अक्षता लावायची. आधीच्या वर्षीचं काही पुसायचं नाही, अशी त्यांची रीत. माझे आकडे नेमके त्याखाली गेले. कुणाचं काही अडलं नाही.

माझी दुखणीखुपणी बघायचा दत्ताराम मिस्त्री. त्याची शेड महाडला. नुसत्या खोकण्यावरून तो माझा आजार ओळखायचा. १९७९ च्या वैशाखात त्याने मला पुरतं खोललं, रॉकेलने धुऊन लख्ख केलं. उजव्या कुशीपाशी मात्र त्याचा हात थांबला.

"वयनीच्या हातचं कुंकू हाय. ह्ये कशाला खरवडायचं?" असं म्हणून त्याने तेवढी जागा तशीच सोडली.

गाडी देताना त्याने महिपतीला बजावलं, "नव्या रिंगा हायत, शेट, अजून बसायच्या हायत. पंधरा दिस जड माल नको न् घाट तर नकोच."

ऐकेल तो महिपती कसला! तिसऱ्याच दिवशी भाताची पोती भरून मला आंबेनळी घाटात घातलं. अर्ध्यात मी उकळलो. शेजारी बसला होता गोदूबाईचा भाऊ मालोजी, मुंबईच्या गिरणीतून रजेवर आलेला. त्याने बॉनेट उघडलं आणि शिट्टीच मारली.

"भावजी, सगळं चकाचक, आणि नंबर असतो तिथंच रंगाचा थर? इंजिन बदली केलंय! मुंबईला असलं लय चालतंय. ओरिजिनल माल गायब, भंगार फिट!"

झालं! महिपतीच्या डोक्यात किडा शिरला. रंग आपणच लावतो हे त्याला ठाऊक होतं, पण तसाच रंग मिस्त्रीने दुसऱ्या इंजिनाला फासला असेल, असं त्याला वाटू लागलं. माझा आवाज त्याला परका वाटू लागला. तो माझं तेल हुंगायचा, बोल्ट मोजायचा, पुन्हा मोजायचा. इतका, की माझाच माझ्यावरचा भरवसा उडायला आला. 'दत्तू'चा 'मिस्त्री' झाला. बाजाराच्या दिवशी मालोजीने ही बातमी ड्रायव्हर लोकांत पेरली, आणि दत्तारामच्या शेडसमोर एक गाडी उभी राहीना. पोरंबाळं त्या शेडवर जगणारी!

शेवटी दत्ताराम स्वतःच एसटीने पोलादपूरला आला. अंगणात चार ड्रायव्हर गोळा झाले होते.

"सगळ्यांदेखत आकडे काढतो," तो म्हणाला. "काय असंल ते दिसंल."

मित्रांनो, मी मनातल्या मनात ओरडत होतो, अरे नको! त्याने लोखंडी पट्टी घातली आणि अख्खी खपली एका तुकड्यात खाली पडली. तो वाकला. खोटं बोलला असता तर कुणाला कळलं असतं? पण त्याने होतं तेच वाचलं.

"सेहेचाळीस." त्याचा चेहरा उतरला.

"गाडी एक्कावन्नची!" महिपती कडाडला. "आता बोल मिस्त्री, माझं इंजिन कुठं घातलंस?"

"पोरांची आन, शेट, मी ह्येच खोललं न् ह्येच बसवलं."

मालोजी हसला. ड्रायव्हर एकमेकांकडे बघू लागले. तेवढ्यात गोदूबाई पुढे आली. कुंकू कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून तिने खपली उचलली, आणि तिची नजर कडेवर खिळली. हिरवी रेघ, लाल रेघ, पुन्हा हिरवी, पुन्हा लाल. मधे मधे तांदळाचे दाणे. तिने नखाने मोजलं.

"अवो, हे दहा दसरं हायत. गाडी दारात आली तवापासूनचं. इंजिन ह्या वैशाखात बदललं, तर दहा वर्सांचं माझं कुंकू त्याच्यावर कुठनं आलं? हे असंच होतं, आपुन घेतलं तवापासून. मालू, बोल की आता!"

मालोजी चपला पायात सरकवून निघून गेला. महिपतीचे कान लाल झाले.

"दत्तू, चुकलं रे माझं."

दत्तारामने हात पुसले. "खपली साबूत निघाली म्हणून वाचलो, शेट. भुगा झाला असता तर? दहा वर्सं माझं हात बगताय, त्येंची साक्ष तुमाला पुरली नाय."

जाता जाता माझ्या पाण्याच्या पाइपाची सैल क्लिप त्याला दिसली. ती त्याने आवळली आणि एसटीकडे चालू लागला. गिऱ्हाइकं त्याच्याकडे परतली. महिपती तीनदा बोलवायला गेला, पण दत्तारामने मला पुन्हा हात लावला नाही.

मित्रांनो, यंत्राची तपासणी जरूर करा. पण माणसावर बोट रोखण्याआधी, त्याने सांगितलेले पंधरा दिवस आपण थांबलो होतो का, एवढं तरी आठवा. आता दुसराच मिस्त्री येतो, अंदाजाने ठोकतो. महिपती रोज सकाळी बॉनेट उघडून कान लावतो. मी कुठे दुखतं ते सांगत असतो, पण त्याला काही कळत नाही. ज्याला कळत होतं, त्याला महिपतीने अंगणातून तसंच जाऊ दिलं.